दुखण्याचं वय

खिडकीला कडी नव्हती. सकाळी जाग आली, तोंडाला औषधाची कडू चव, म्हटलं वायच वारा घेऊया, म्हणून पलंगावरून उतरलो नि खिडकीशी गेलो. कडी जिथे असते तिथे हात आपला आपण गेला, तर तिथे काहीच नाही. गुळगुळीत. वर चाचपलं, खाली चाचपलं, आंधळ्यासारखं. काचेच्या पलीकडे कोल्हापूर होतं, रिक्षा होत्या, समोरच्या गच्चीत एक बाई धुणं वाळत घालत होती नि तिच्या हातातली चादर वाऱ्याने फडफडत होती. पण आवाज नव्हता कशाचा. वारा त्या बाईकडे होता, माझ्याकडे नव्हता. ती खिडकी उघडायला केलेलीच नव्हती हो. भिंतच ती, नुसती आरपार दिसणारी. माझा सगळा जन्म मालवणच्या वाळूत गेला. आमच्या घराला दार आहे ते कुत्रं आत येऊ नये एवढ्यापुरतं, वारा काही विचारून येत नाही. होडीवर तर भिंतच नाही. आणि इथे मी कडी शोधत उभा. मागून नर्स आली नि म्हणाली, "काका, उठायचं नाही सांगितलंय ना? पडा बघू." पडलो. पण बोटांना ती कडी नसलेली जागा लागून राहिली, करवंदाचा चीक लागतो तशी, पुसून जात नव्हती.

छातीचं काय झालं ते सांगतो. मालवणच्या एस.टी. स्टँडावर तांदळाची पिशवी घेऊन चढत होतो, तर छातीवर कोणीतरी येऊन बसलं. बसलं म्हणजे बसलंच, पाहुणा पाट घेऊन बसतो तसं, उठायचं नाव नाही. घामाने सदरा भिजला. तिथल्या डॉक्टराने कागदाची पट्टी काढली, बघितली नि म्हणाला, कोल्हापूरला न्या. कोल्हापुरात माझा मुलगा जितेंद्र आहे, एका कारखान्याच्या हापिसात. शिकलेला, नीटनेटका, चपला ओळीत काढून ठेवणारा. त्याने मागेच कधीतरी माझा नि त्याच्या आईचा विमा उतरवलेला, आजारपणाचा. दर वर्षी न चुकता भरायचा. मला एक कार्ड दिलेलं, म्हणाला, बाबानू, ह्या खिशात ठेवा, ह्या दाखवलास काय कोण काय मागणार नाय. मी ते देवाच्या फोटोमागे ठेवलेलं. तर ते कार्ड दाखवलं, टेबलावरची मुलगी हसली, आम्हाला ही खोली दिली. थंडगार. आमची तुळसा, म्हणजे माझी बायको, शाल पांघरून कोपऱ्यातल्या सोफ्यावर अशी बसलेली, जसं बर्फाच्या पेटीत पापलेट. छातीचे फोटो निघाले, नळ्या तुंबल्यात म्हणाले, ऑपरेशन करावं लागेल. एका पोऱ्याने येऊन माझी छाती भादरली, सफाचट. मी म्हटलं, आता मुहूर्त आला. पण मुहूर्त आला नाही. विमा कंपनीचा होकार यायचा होता. आज येईल, उद्या येईल. भादरलेल्या छातीवर खुंट उगवले, टोचायला लागले, खाज सुटली, तरी होकार येईना. उठायचं नाही, चालायचं नाही, उचलायचं नाही. ऑपरेशन करत नव्हते, आणि घरी जाऊ देत नव्हते. कुर्ली, तुमचा खेकडा हो, टोपलीत टाकून वर ओलं गोणपाट टाकतात बघा, जिवंत राहावी पण हलू नये म्हणून. तसं.

त्या दिवशी जितेंद्र आला तो तोंड उतरवून. बॅग सोफ्यावर ठेवली, पुन्हा उचलली, खाली ठेवली. पंख्याकडे बघितलं. पंखा नव्हताच वर.

"काय झाला रे?" मी विचारलं.

"बाबानू, कंपनीचो माणूस वाडीत गेल्लो. चौकशी करूक."

"मगे? कोण गावलो तेका?"

"सत्यवानकाका. तेनी सांगितल्यान, तुमचा छातीचा दुखणा जुना आसा. खूप जुना. आयेन नवस केल्लो, सगळी वाडी गाऱ्हाण्याक उभी ऱ्हवलेली. सगळा सांगल्यान. वर तेका शहाळा दिल्यान."

"बरा केल्यान. शहाळा देवकच होया. उन्हातून इल्लो असतलो."

जितेंद्र माझ्याकडे असा बघत राहिला की मला वाटलं माझ्या तोंडावर काहीतरी बसलंय. मग सावकाश, लहान पोराला सांगतात तसं त्याने मला सांगितलं. विमा उतरवल्यानंतर जे दुखणं आलं त्याचेच पैसे कंपनी देते. आधीचं दुखणं असेल, आणि ते आधी सांगितलं नसेल, तर नाही देत.

"म्हणजे नव्या दुखण्याक देतत, जुन्याक नाय?"

"तसाच."

"हो खंयचो न्याय रे? जुना असता ताच जास्त दुखता."

तुळसा शालीतून फसकन हसली. जितेंद्र हसला नाही.

आता तुम्हाला रापण सांगितली पाहिजे, नाहीतर सत्यवानाने, माझ्या रापणीतल्या सोबत्याने, काय केलं ते कळायचं नाही. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं भलं मोठं जाळं. होडी ते लांबून फिरवून टाकते, दोन्ही टोकांचे दोर वाळूवर येतात, आणि मग अख्खी वाडी दोराला. म्हातारी, पोरं, बायका. ज्याचा हात दोराला लागला त्याचा वाटा. मासळी वाळूत ओतली की तिचे ढीग लावतात, एकेक ढीग म्हणजे एकेक वाटा, आणि वडीलधारा एकेक नाव घेतो. तो माणूस "आसा", म्हणजे हजर आहे, म्हणतो, ढीग उचलतो. आमच्या वाडीत आजाऱ्याचाही वाटा काढत. तो घरात खाटेवर पडलेला असला तरी त्याचं नाव घेत, आणि मग त्याच्या जागी जो जवळ उभा असेल तो म्हणे, "आसा." संपलं. टोपली त्याच्या घरी. कधी कोणी कंजूष मध्येच विचारी, काय होता तेका, कालपर्यंत बरो होतो. तर मग साक्ष द्यायची. दुखणं कालचं असेल तर दारू पिऊन पडला असेल, म्हणून दहा तोंडं दहा बोलत. पण जुनं दुखणं म्हटलं की सगळे गप. जुन्या दुखण्याला कोणी नाही म्हणत नसे. त्यामुळे सवयच अशी की आपल्या माणसासाठी साक्ष द्यायची वेळ आली तर त्याचं दुखणं चार वर्षं मागे न्यायचं. हत्तीपाय होऊ दे नाहीतर खोकला, जन्मापासूनचा. तेव्हा उन्हातून एक माणूस येतो, हातात कागद, विचारतो, दत्ताराम तुमचे कोण, छातीचं दुखणं कधीपासून. सत्यवानाला वाटलं, वाळूत ढीग लागलेत, माझं नाव घेतलंय, नि मी जागेवर नाही.

म्हणून तो म्हणाला असेल, आसा.

मी डोळे मिटून पडलो नि माझ्या दुखण्याचं वय शोधायला लागलो. करण्यासारखं दुसरं काही नव्हतं. बाहेर बोळात ट्रॉलीची चाकं कुरकुरत जात, ती रहाटासारखी वाटत. नवसाची गोष्ट खोटी नव्हती. जितेंद्र शाळेत होता तेव्हाची. दोर ओढता ओढता छातीत कळ आली, डावीकडे, की मधे, आता सांगता येत नाही, मी वाळूत बसलो. लाट येऊन पायाखालची वाळू काढून नेते ना, तसं आतून काहीतरी निघून चाललं होतं. मला आठवते ती तोंडाजवळची वाळू, तिच्यात एक तारली तडफडत होती, तिच्या डोळ्यात आभाळ होतं. तुळसा धावत आली, तिथल्या तिथे देवीला साडी बोलली. मग देवळात गाऱ्हाणं. वाडीतली सगळी माणसं हात जोडून उभी. गुरव म्हणाला, बाये आवशी, ह्या तुझ्या लेकराच्या छातीत जा काय आडवा इला आसात, ता उभा करून भायर काढ. आणि सगळे म्हणाले, व्हय म्हाराजा. त्यात सत्यवानाचा आवाज सगळ्यांत मोठा, देवळाच्या कौलांत बसलेली पाखरं उडाली. त्यानंतर दुखलं नाही. किती वर्षं दुखलं नाही. मी दोर ओढले, होडी ढकलली, जितेंद्राच्या लग्नात नाचलो. मग ते दुखणं गेलं होतं की निजलं होतं? हे एस.टी. स्टँडावरचं तेच, की त्याच जागेवर आलेलं दुसरं? माणसाचा जन्मदाखला असतो. दुखण्याचा कुठे काढायचा. ते वायूचं होतं म्हणावं तर देवीची साडी फुकट गेली. हृदयाचं होतं म्हणावं तर विमा गेला. मी आपला आत बघत होतो, छातीत, काळोखात हात घालून कुर्लीचं बीळ चाचपतात तसा, आणि हाताला काही लागत नव्हतं.

संध्याकाळी जितेंद्र सफरचंद कापत बसला नि न बघता बोलायला लागला. सफरचंदाची साल तो एका पट्टीत काढतो, तुटू देत नाही. त्याने वरच्या कोणाला तरी धरलं होतं, कंपनीत. त्या माणसाने वाट सांगितली होती. उद्या कंपनीच्या डॉक्टरीणबाईंचा फोन येणार, मोबाईलवर, माझ्याशीच बोलणार. त्या विचारतील की सत्यवान नावाच्या माणसाने अशी अशी माहिती दिलीय, तुमचं त्याच्याशी वैर आहे का.

"तुमी फकत होय म्हणायचा," जितेंद्र म्हणाला.

"वैर?"

"होता ना. अख्ख्या वाडीक म्हायत आसा. तुमी ट्रॉलरार गेलास तेवा तो तुमच्याशी बोलूचो बंद झाल्लो. खोटा खंय आसा ह्यात? वैरान उलटासुलटा सांगल्यान, इतक्याच."

"आणि नवस?" तुळसा कोपऱ्यातून म्हणाली. "देवीसमोर सगळी उभी ऱ्हवलेली. तीय वैरानच काय?"

"आये, तू गप ऱ्हव वायच."

"गपच आसंय. थंडीन तोंड उघडता खंय."

जितेंद्राने सुरी ठेवली. त्याचा आवाज बदलला, लहान झाला, शाळेतून मार खाऊन यायचा तेव्हासारखा. "बाबानू, तुमका सरकारी दवाखान्यात घालू? सुगंधाआत्येचा काय झाला, विसरलास?"

विसरलो नव्हतो. सुगंधा माझी बहीण. पावसाळ्यात तिला सरकारी दवाखान्यात नेलेलं, दार उघडं होतं, दिवा होता, खाट होती, डॉक्टर नव्हता. येतील म्हणाले. आम्ही वाट बघितली. जितेंद्र तिच्या पायाशी बसलेला, तिच्या पायाची नखं बघत. ती नखं निळी झाली ती पहिल्यांदा त्याने बघितली. म्हणून तो शिकला, म्हणून तो विमा भरत आला, बायकोला दागिना न करता. त्याचं काही चूक नव्हतं. उघड्या दाराने त्याची आत्या नेली, तर त्याने कडी नसलेल्या खिडकीवर विश्वास ठेवला. मी त्याच्या हाताकडे बघितलं. सालीची पट्टी तुटली नव्हती, अख्खी बशीत पडलेली, सापाची कात पडते तशी.

"बघूया," मी म्हटलं.

सत्यवान माझ्याशी बोलायचा बंद झाला होता हे खरं. ट्रॉलर आले, किनाऱ्याला मासळी येईना, रापण ओढून ओढून हातात शेवाळ. जितेंद्राला कॉलेजात घालायचं होतं. मी मालवणच्या एका ट्रॉलरवर तांडेल म्हणून, ट्रॉलर हाकायला, गेलो. सत्यवान वाळूत उभा राहून सगळ्यांसमोर म्हणाला, "जा, आमच्या ताटातला ओढून आमकाच इकूक ये." मीही काहीतरी बोललो, बापावरून बोललो बहुतेक. मग संपलं. देवळात दोघे दोन खांबांना. कोणाच्या मयताला गेलो तरी तो पुढे, मी मागे. पण पुढचं जितेंद्राला माहीत नाही, तो तेव्हा हॉस्टेलात होता. ट्रॉलरवर दोरखंडात पाय अडकून माझा पाय मोडला, मी घरी पडलो. रापणीचा मी राहिलो नव्हतो, माझा हात दोराला लागून कितीतरी पावसाळे झाले होते. एके दिवशी दुपारी दारात पावलं वाजली. तुळसा भायर गेली, बघते तर पडवीत टोपली, बांगडे, वर ओला केळीचा पाला. सत्यवान पाठमोरा चाललेला. हाक मारली तर वळला नाही. मग कळलं, वाळूत वाटे लावताना वडीलधाऱ्याने जुन्या सवयीने माझं नाव घेतलं होतं. सगळे गप झाले. आणि माझ्याशी न बोलणारा तो म्हणाला, आसा. मी उठून चालायला लागेपर्यंत टोपली येत राहिली. तो एक शब्द बोलत नसे. टोपली ठेवी, माझ्या पायाकडे एकदा बघे, जाई. पाय बरा झाला त्या दिवशी बघितलंन नि म्हणाला, "आता मर, काय व्हया ता कर." तेव्हापासून पुन्हा बोलायला लागलो.

हे वैर. ह्याला उद्या होय म्हणायचं होतं.

दुसऱ्या दिवशी फोन यायच्या आधी सत्यवानच आला. मालवणहून सकाळची गाडी धरून, घाटात ओकत, डोक्याला टोपी, हातात पिशवी. दारातूनच त्याचा आवाज आला, आवाजाने ती थंड खोली दचकली.

"शिरा पडो ह्या इस्पितळार. खालचो वॉचमन विचारता, पिशवीत काय मेलाहा काय? म्हटलंय, होय, गेल्या वैशाखात."

पिशवीतल्या किसमुरीचा, म्हणजे भाजलेल्या सुकटीचा, वास खोलीभर झाला. तुळसा त्या दिवसांत पहिल्यांदा शाल काढून उठली. सत्यवान सोफ्यावर बसला नाही, माझ्या पलंगाला पाठ लावून खाली लादीवर बसला, पाय पसरून. वर बघून म्हणाला, "बरो दिसतंस. गोरो झालंस मेल्या. बाईलमाणसासारखो."

"सावलीत आसंय मरे."

"छाती बघू." गुडघ्यांवर उठून त्याने माझा सदरा वर केला, खुंटांवरून हात फिरवला, खडबडीत हात, त्याला माशाची खवलं कायमची लागलेली. "भादरल्यानी? आणि मगे कापल्यानी नाय? बकऱ्याकसुद्दा इतके दिस थांबयत नाय."

मी हसलो, हसताना छातीवरचा पाहुणा हलला. जितेंद्र दाराशी उभा होता, मोबाईल हातात, त्याचं लक्ष मोबाईलवर. सत्यवानाने पुन्हा लादीवर बसून मान माझ्याकडे वर केलीन, आवाज बारीक केलान, म्हणजे त्याच्या मानाने बारीक.

"तुझो कंपनीवालो इल्लो. तू काळजी करू नको. मी सगळा बरोबर सांगलंय. तो विचारी, कदीपासून. म्हटलंय, काय विचारतंस, रापणीत पडलो तेव्हापासून. नवस सांगलंय, गाऱ्हाणा सांगलंय. लिवन घेय होतो बिचारो. लगेच मान्य केल्यान असतला, न्हय?"

तुळसाने माझ्याकडे बघितलं. जितेंद्राने बघितलं. सत्यवान हसत होता, दातांत तंबाखू, टोपली पडवीत ठेवून निघाला की त्याच्या पाठीला जे काही असायचं ते आता त्याच्या तोंडावर होतं. कसं सांगणार? मी म्हटलं, "होय. बरा केलंस."

तेवढ्यात मोबाईल वाजला.

जितेंद्राने बोलून तो माझ्या कानाशी आणला, पण मला ऐकू कमी येतं म्हणून त्याने आवाज मोठा करून ठेवलेला, सगळ्या खोलीला ऐकू येत होतं. बाई चांगल्या होत्या. मऊ बोलत होत्या, आमच्या सुगंधासारख्या. "काका, बरं वाटतंय का? मी जास्त त्रास देणार नाही. सत्यवान म्हणून कोणी तुमच्या गावात आहेत?"

खाली लादीवर सत्यवान ताठ झाला. आपलं नाव घेतलंय म्हणून त्याने टोपी सरळ केलीन, पाय आवरून मांडी घातलीन. वाळूत बसतो तसा, ढीग लागल्यावर.

"आहेत," मी म्हटलं.

"त्यांनी सांगितलंय की तुमचं छातीचं दुखणं खूप जुनं आहे. काका, त्यांचं तुमच्याशी काही वैर आहे का? भांडण वगैरे? फक्त हो किंवा नाही सांगा."

होय आणि नाय ह्यांच्यामध्ये किती जागा असते ते मला तेव्हा कळलं. काहीच नसते. पाय ठेवायला जागा नसते. एका बाजूला जितेंद्राचे डोळे, निळ्या नखांकडे बघणारे, दुसऱ्या बाजूला लादीवर मांडी घालून बसलेला सत्यवान. त्याने 'वैर' ऐकलं होतं. त्याच्या कपाळाला आठी पडली, पण ती रागाची नव्हती, कोड्याची होती, शहरातली माणसं कसले कसले प्रश्न विचारतात म्हणून. तो मान हलवून मला खुणेने सांगत होता, सांग तिका, सांग. मी तोंड उघडलं. होय म्हणायलाच उघडलं होतं बहुतेक, माणूस जगायलाच बघतो, मी काही देवळातला खांब नाही. पण छातीवर जो बसला होता त्याने आतून दाबलं नि वारा बाहेर आला तो दुसराच.

"नाय मॅडम. वैर नाय. तो सांगता तसाच आसा. दुखणा जुना आसा."

बाईंच्या बाजूला कागद उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, "काका, तुम्हाला कळतंय ना तुम्ही काय सांगताय?"

"कळता."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि हळूच म्हणाल्या, "काळजी घ्या." फोन बंद झाला.

जितेंद्र ओरडेल असं वाटलं. तो ओरडला नाही. खिडकीशी गेला, नि मी बघितलं, त्याचाही हात आपला आपण काचेच्या कडेला गेला, जिथे कडी असते तिथे, चाचपून खाली आला. कपाळ काचेला लावून तो उभा राहिला. समोरच्या गच्चीत धुणं फडफडत होतं. सत्यवान खालून म्हणाला, "झाला मा काम?"

"झाला," मी म्हटलं.

त्या खोलीतून सुटायलाही वेळ लागला, इस्पितळाचं सगळं चुकतं केल्याशिवाय सोडत नव्हते. ते जितेंद्राने कसं केलं मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. पण निघताना सुनेच्या हाताकडे, लग्नातल्या बांगड्या असायच्या तिथे, मी बघितलं नाही. मग सुमो केली नि गोव्याला निघालो, तिथल्या सरकारी मोठ्या इस्पितळात. आमच्याकडची सगळी माणसं शेवटी तिथेच जातात, वेंगुर्ल्याची, सावंतवाडीची, कुडाळची. मी मागच्या सीटवर आडवा, डोकं तुळसाच्या मांडीवर. घाट उतरल्यावर खिडकीतून वारा आला, काजूच्या पाल्याचा, मग खाऱ्या चिखलाचा. बरं वाटायला पाहिजे होतं. पण खिडकी उघडली म्हणून माणूस सुटत नाही. छातीच्या आत कडी नव्हतीच, तिथे चाचपून काय मिळणार. वाटेत मेलो तर जितेंद्र सत्यवानाला सांगेल, तुमच्यामुळे गेले. एवढंच माझ्या डोक्यात फिरत होतं, खोबऱ्याच्या घाण्याच्या बैलासारखं. पुढे सत्यवान ड्रायव्हरशी गप्पा मारत होता. मधेच मागे वळून म्हणाला, "जितू, कंपनी चांगली गावली रे तुका. कोल्हापुरात जमना नाय तर गोव्याक पाठवल्यानी, आं?"

मी श्वास धरला. जितेंद्र कितीतरी वेळ बाहेर बघत होता. एक पूल गेला, खाली खाडीचं पाणी.

"होय काका," तो म्हणाला. "चांगली आसा."

मी तुळसाचा हात दाबला. ती रडत होती की वाऱ्याने डोळ्यांत पाणी आलं होतं, विचारलं नाही.

इस्पितळात माणसं लादीवर. चटया, थर्मास, पेजेचे डबे, कोणाचं पोर कोणाच्या मांडीवर. दारं सताड उघडी, पण दारात रांग, रांगेत रांग. जितेंद्राचं तोंड मी बघत होतो. तो लोकांच्या पायांकडे बघत होता, अनवाणी पायांकडे, नखांकडे. मला भिंतीशी एका बाकावर बसवलं. तो केस-पेपरला गेला, तुळसा पाणी आणायला. एक शिपाई दारात येऊन नावं घेई, एकदाच घेई, नि कोणी बोललं नाही तर पुढचं. माझ्या शेजारी एक म्हातारा होता, त्याचं नाव घेतलं तेव्हा तो झोपला होता, तो तसाच राहिला, कोणी उठवलं नाही. मला ते दिसलं नि पाहुणा पुन्हा छातीवर येऊन बसला. सगळं वजन टाकून बसला. कानात समुद्र वाजायला लागला, माणसं लांब गेली, वाळूत तोंड घालून पडल्यासारखं, आणि त्या आवाजातून माझं नाव आलं. दत्ताराम. मी तोंड उघडलं. वारा नव्हता. शब्द घशात होता पण त्याला वर आणायला काही नव्हतं. शिपायाने कागदावर बोट पुढे सरकवलं. मला ते बोट दिसलं.

"आसा," मागून आवाज आला. देवळातली पाखरं उडवणारा.

बोळातली सगळी माणसं वळून बघायला लागली. सत्यवान वाट काढत आला, एका काखेत मला, दुसऱ्या काखेत किसमुरीची पिशवी. येता येता त्याने त्या झोपलेल्या म्हाताऱ्याला पायाने ढोसलं नि शिपायाला म्हणाला, "हेचाय घेतल्लंस मा नाव? हो म्हातारोय आसा."

आत एक डॉक्टर मुलगी, झोप न झालेली, केस सुटलेले. तिने मला टेबलावर निजवलं, सदरा वर केला, खुंट बघितले नि भुवई उचलली. कानातलं यंत्र तळहातावर घासून गरम केलं. "कधीपासून दुखतं?"

पुन्हा हाच प्रश्न. दाराकडे बघितलं, जितेंद्र आला होता, हातात कागद, घामाने भिजलेला, तोही माझ्या तोंडाकडे बघत थांबलेला. मी उत्तर शोधत राहिलो, नवं सांगू की जुनं, कुठलं बरोबर, कुठलं सांगितलं की इथूनही उठवतील. मुलगी थांबली होती. मग तीच म्हणाली, "आठवत नसेल तर राहू दे."

"जुना आसा," मी म्हटलं.

"बरं," ती म्हणाली. नुसतं बरं. आणि यंत्र खुंटांवर टेकवलं. "खाट मिळायला वेळ लागेल हां, आज खालीच निजावं लागेल. श्वास घ्या. मोठा. आता धरून ठेवा, मी सोडा म्हणेपर्यंत सोडायचा नाही."

मी घेतला, जेवढा आत गेला तेवढा. ती मान वाकवून ऐकत होती. दारात सत्यवान नि जितेंद्र खांद्याला खांदा लावून उभे होते, जागाच तेवढी होती. आणि ती सोडा म्हणायची वाट बघत मी श्वास धरून पडलो.